सरावाची खुर्ची

मी विमानतळावरची मालिश करणारी खुर्ची बोलतेय. विमानतळ कुठला ते सांगत नाही, माझ्यामुळे त्याचं नाव खराब व्हायला नको. लोहा, देगलूर, रेणापूर इकडची माणसं इथे येतात, एवढ्यावरून काय ते ओळखा.

जन्म माझा कारखान्यातला. पाठीत फिरणारे गोळे, पोटऱ्या दाबायला कप्पे, अंगावर चकचकीत काळं रेक्झिन. इथे आणून बसवलं तेव्हा वर पाटीही लावली, 'प्रवाशांचा वेळ सुखात जावा म्हणून'. झालं, मी हवेत! मला वाटलं, आता लोक विमान सोडतील पण मला सोडणार नाहीत.

लोकांनी मलाच सोडलं. आमच्याकडची माणसं विमानतळावरही एसटीसारखी जागा धरतात. कोणी माझ्यावर दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकून काचेतून विमान बघायला जाई, कोणी बॅग ठेवी. एका गृहस्थांनी माझ्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला आणि तो वाळला म्हणून खूश होऊन गेले. जे मोजके बसले, ते गोळे फिरू लागताच ओरडत उठले. हॉलची देखरेख करणारे पंचाक्षरी रोज माझी धूळ पुसत आणि म्हणत, "हिच्यापरीस बाकडं बरं व्हतं." मला राग यायचा, पण त्यात खोटं काय होतं?

अशात एके दिवशी लोह्याकडचे व्यंकटी आणि त्यांची बायको सरजाबाई आले. त्यांची लेक लुंबिनी बेंगळुरूला, पहिलटकरीण. बाळंतपणाला ती माहेरीच यायची, पण डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला, म्हणून आईच निघाली होती, सोबतीला व्यंकटी. पिशवीत डिंकाचे लाडू, झबली, टोपडी. तपासणीपर्यंत सगळं ठीक होतं. काचेतून विमान दिसलं आणि सरजाबाईंनी पिशवी खालीच ठेवली.

"आवं, मला न्हाई जमायचं. तुमीच जावा."

"आगं, बाळंतपणात मी जाऊन काय करू? लेक तुझी वाट बघून राहिली."

"लई हलतंय म्हणं ते. मी घरी जाते."

तेवढ्यात लुंबिनीचाच फोन आला. "आई, निघालीस ना?" सरजाबाई "हाव" म्हणाल्या आणि फोन ठेवून पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. मलाही वाईट वाटलं. इतक्या जवळ बसून मी त्यांना कसला धीर देणार? मला फक्त गोळे फिरवता येतात.

व्यंकटींनाही विमानाची माहिती बायकोइतकीच, म्हणजे काहीच नाही. पण नवऱ्यानं 'मला माहीत नाही' म्हणायची आमच्याकडे रीत नाही. इकडेतिकडे बघताना त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही बघ, सरावाची खुर्ची. नव्या माणसाला आधी हिच्यावर बसवून बघतेत. हिच्यावर टिकलीस की वर काई होत न्हाई."

सरावाची! सुख देण्यासाठी जन्मलेल्या मला! पण सरजाबाईंना ते पटलं. त्या चपला काढून माझ्यावर बसल्या. पंचाक्षरींनी बटण दाबलं.

मी हळुवार व्हायचा खूप प्रयत्न केला, पण माझ्या गोळ्यांना एकच चाल ठाऊक. "अगं माय! पाय धरलं की गं!" सरजाबाई किंचाळल्या. मला वाटलं, ह्याही उठणार. पण त्यांनी डोळे गच्च मिटले, 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू केलं आणि माझे हात घट्ट धरून बसून राहिल्या. माझ्यावर शेवटपर्यंत बसलेलं ते पहिलं माणूस.

मी थांबले तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला. "सपलं?"

"पास झालीस," व्यंकटी म्हणाले.

"इतकंच व्हय? मग चला की!" लाडवांची पिशवी उचलून त्या नवऱ्याच्याही पुढे निघाल्या. जाताना माझ्या हातावर थोपटलं, "लई छळलंस बाई, पण बरं केलंस."

मी अशी फुगले की त्याच आठवड्यात माझी मोटार जळाली. गळ्यात 'नादुरुस्त' अशी पाटी आली.

परवा सरजाबाईंच्या गल्लीतल्या जगदेवी आजी आल्या. मुलाकडे निघालेल्या, पहिल्यांदाच आणि एकट्या. पंचाक्षरी म्हणाले, "आजी, ती बंद हाय."

"असू द्या. सरजाबाईनं बजावून सांगितलंय, आधी हिच्यावर बसायचं. तिला नात झाली, जल्मल्या-जल्मल्या तिच्याच हातात आली. म्हणती, ती खुर्ची नसती तर मी दारातूनच माघारी आले असते."

एवढं बोलून आजींनी डोळे मिटले, माझे हात घट्ट आवळले आणि वाट बघत बसल्या. मी काय करणार? नुसती पडून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि खुदकन हसल्या.

"काईच न्हाई की हो! सरजाबाई उगंच भेवडवत व्हती." आणि त्या तुरुतुरु रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

माझ्यावरून इतका खूश होऊन उठलेला प्रवासी मी आजवर पाहिला नव्हता. तेव्हा शेवटची एकच विनंती. मला दुरुस्त करायला माणूस येणार आहे म्हणतात. तुम्हाला वाटेत भेटला तर कृपा करून त्याला तिथूनच परत पाठवा.