गप्प बसायची भूमिका

“काका, आज आपणहून एक शब्द बोललात तर बघा,” मॅडम म्हणाल्या.

“नाही हो बोलत! लहानपणी आमच्या मास्तरांनी मला एकदा…”

“काका!”

“बरं, बरं. राहिलं.”

समाजकार्याच्या त्या कॉलेजात मुलांना लोकांच्या घरोघरी पाठवण्याआधी वर्गात सराव करून घेत. कुणीतरी त्रासलेला माणूस व्हायचं आणि विद्यार्थ्यानं त्याला बोलतं करायचं. बसची नोकरी संपल्यापासून तो त्रासलेला माणूस म्हणजे कंडक्टरकाका. भूमिका ठरलेली होती: मुलाशी अबोला धरलेला, कुणाला दाद न देणारा म्हातारा. आता ज्यानं उभा जन्म तिकिटं फाडता फाडता लोकांच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी केली, त्याला हे काम द्यायचं म्हणजे मांजरीला दुधाची राखण! समोर घाबरलेलं पोर बसलं की काकांना राहवायचं नाही. “कसे आहात?” एवढं विचारायचा अवकाश, की मुलगा, सून, भांडण सगळं सांगून मोकळे. पोरं खूश, काका त्याहून खूश.

मग पोरं खऱ्या घरी जायची आणि तिथं कुणी दारातसुद्धा उभं करायचं नाही. गेल्या आठवड्यात एक मुलगी अशीच परतली आणि जिन्यात बसून रडली. आज तिचाच पुन्हा सराव होता.

“तुमच्या मायेपायी मुलं कच्ची राहतायत,” मॅडमनी स्पष्टच सांगितलं. “आज जमलं नाही, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

 हे कॉलेज सुटलं तर काकांनी करायचं काय? घरी बायकोनं केव्हाच जाहीर केलं होतं, की आता तिच्या कानांनाही पेन्शन हवी.

मुलगी समोर येऊन बसली. “काका, घरी कोणकोण असतं?”

काका खिडकीकडे बघत राहिले.

“मुलाशी कधीपासून बोलत नाही तुम्ही? जेवण वेळेवर होतं का? झोप लागते?”

एकेक प्रश्न संपत चालला तसे तिचे कान लाल झाले. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. अरे, सांगून टाकावं बिचारीला, काय जातंय! पण काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि दात आवळून बसले.

मुलगी उठली. पळतेय की काय, असं त्यांना वाटलं. पण तिनं आपली खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी आणली आणि तीही खिडकीकडे बघत बसली.

“नका बोलू,” ती हळूच म्हणाली. “मी बसते नुसती.”

बाहेर अंगणात शिपाई सतरंज्या झटकत होता. त्या झाल्या, त्यानं घड्या घातल्या, तो निघूनही गेला. काकांना अशा शांततेची सवयच नव्हती. असं एका दिशेला बघत ते आयुष्यभर एकाच माणसाबरोबर बसले होते, आपल्या ड्रायव्हरबरोबर. तो मुलखाचा मितभाषी. हे बोलायचे, तो गाडी हाकायचा. गेल्या वर्षी तो गेला, त्या दिवशीही काकांनी आल्यागेल्याला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, त्याच्या गमती सांगून रडणाऱ्यांना हसवलं. काका होते म्हणून घर सावरलं, असं जो तो म्हणाला. काकांनाही ते खरंच वाटलं होतं.

“माझा ड्रायव्हर गेला,” काका म्हणाले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले.

मुलीनं “रडू नका” म्हटलं नाही. ती तिथंच बसून राहिली.

डोळे पुसल्यावर काकांना भान आलं. “चुकलो मॅडम. मुलाचं बोलायचं होतं, मी भलतंच काढलं.”

“भूमिकेचा पार बोऱ्या वाजवलात,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा पेला काकांपुढे सरकवला. “पण आज हिनं तुम्हाला बोलतं केलं, तुम्ही दान नाही दिलंत. पुढच्या वेळी वेळेवर या.”

“मी त्या घरी परत जाऊ?” मुलीनं विचारलं.

“जा की! उद्याच जा,” मॅडमच्या आधी काकाच म्हणाले. सगळा वर्ग हसला, मुलगीही हसली.

संध्याकाळी काका ड्रायव्हरच्या घरी गेले. दर आठवड्याला जायचे. एरवी फाटकापासूनच त्यांचा एखादा किस्सा सुरू व्हायचा आणि वहिनी हसत हसत दार उघडायच्या. आज ते मुकाट्यानं आत जाऊन बसले.

“भावजी, बरं आहे ना?”

“हो वहिनी. छान आहे.”

वहिनींनी चहा आणला. दोघं पीत बसले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं, तरी काका बोलले नाहीत. वहिनी पदराशी चाळा करू लागल्या.

“शेवटी शेवटी,” त्या म्हणाल्या, “झोपेत हात हलवायचे हे. गिअर टाकल्यासारखा. मी तो हात धरायची, तर मलाही घेऊन गिअर टाकायचे.”

गिअरवरचा एक नामी किस्सा काकांच्या अगदी ओठांवर आला. त्यांनी तो चहाच्या घोटाबरोबर गिळला.

“मग?” त्यांनी विचारलं.

आणि वर्षभरात पहिल्यांदा वहिनी सांगू लागल्या.