रखमाची सुई आणि माझी सोंड

मी एक म्हातारा पतंग आहे, मित्रांनो. दिव्यावर झेपावणारा साधा पतंग नव्हे. माझ्या सोंडेला काटेरी टोक आहे आणि ते पिकल्या फळात खुपसून मी रस पितो. सांगताना संकोच वाटतो, पण देहच असा मिळाला.

नगरकडच्या एका मोसंबीच्या बागेत, कुंपणावरच्या गुळवेलीची पाने खाऊन मी वाढलो. आमची झुंड बागेत उतरली की भोकांतून बुरशी शिरते आणि फळे टपाटपा गळतात. मी मात्र कोशात असतानाच मोसंब्यांच्या टोपलीतल्या पाल्याबरोबर मुंबईला, लालबागमध्ये आलो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. हा पोलिसांना खबर तर देत नसेल, अशा नजरेने शेजारी शेजाऱ्याकडे बघे. फळवाली दुर्गा आणि हारवाली रखमा फुटपाथवर लागून बसत. रात्री दोघींचा माल चाळीच्या एकाच जिन्याखाली असे. हरताळ संपून बाजार उघडला, तेव्हा दुर्गाच्या मोसंब्यांवर बारीक भोके आणि भोवती कुजके डाग होते.

"रखमे, तुझी सुई दाखव बघू."

"का गं, हार ओवतेस?"

"भोकं सुईचीच आहेत. जागेवरून भांडलीस, तो राग माझ्या फळांवर काढलास."

"तुझी मोसंबी नासली म्हणून माझी शेवंती जास्त खपणार होय? घे, ठेव तुझ्यापाशी." रखमाने सुई तिच्यापुढे टाकली.

दुसऱ्या सकाळी नवी भोके.

"दुसरी आणली असशील," दुर्गा म्हणाली.

रखमाने टोपली उचलली. ती रस्त्यापलीकडे जाऊन बसली. रात्री मालही जिन्याखाली ठेवेना.

तरी पुढच्या सकाळी भोके होतीच. दुर्गाने चिडून टोपलीवरचे गोणपाट ओढले. माझी सोंड मोसंबीत रुतलेली होती. त्या झटक्यात माझा पंख फाटला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मला तसाच, मोसंबीसकट, घेऊन ती रस्त्यापलीकडे गेली.

"रखमे, हा होता गं."

रखमाने मला नीट न्याहाळले. "आणि हा सापडला नसता तर?"

दुर्गाने तिची सुई तिच्यापुढे ठेवली.

आता दोघी पुन्हा लागून बसतात. पूर्वी रखमा "बघ गं जरा" म्हणून पाणी प्यायला जाई. आता जाताना फुलांची टोपली बरोबर नेते.

मित्रांनो, फळे दाट कापडाने झाकत जा, म्हणजे आमच्यासारख्यांना वाट मिळणार नाही. आणि कधी भोक दिसलेच, तर कुणा माणसाचे नाव घेण्याआधी गोणपाट उचलून बघा. उचलायला ते फार जड नसते.