टवक्यासमोरची वाटणी

गुरुवार. दुपारचे पावणेतीन. समुद्रकाठच्या रुफिस्क गावात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत, बिगेबाईंच्या अंगणात चटईवर पाच माणसं जेवायला बसली होती. घास तोंडात असतानाच घरच्या लेकीने परात फिरवली.

घडलं ते एवढंच. कुणी कुणावर हात उगारला नाही, शेजारचं कुणी धावत आलं नाही. पण त्या दिवसापासून या घरात दोन बायका एकमेकींना सलामसुद्धा करत नाहीत आणि तिसरी कुणाच्या डोळ्यात बघत नाही.

ती परात मी. मी एनॅमलची परात बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते: मला घासा, जपा, अडगळीत टाकू नका, असलं काही मी मागणार नाही. मी साक्ष द्यायला आले आहे.

माझा जन्म पत्र्याचा. गोल चकती साच्यात दाबून खोलगट केली, मुलाम्यात बुडवली, भट्टीत भाजली. अंग पांढरं, काठ निळा, बुडाशी लाल फुलं. बिगे लग्न होऊन या घरी आली तेव्हा तिच्या आईने दिलेल्या भांड्यांच्या उतरंडीत मी होते. बाकीच्या बहिणी कपाटावर चढून शोभेला बसल्या. मी कामाला लागले. कणीचा भात, शेंगदाण्याचा रस्सा, शुक्रवारचा मोठा मासा, सगळं माझ्यात वाढलं गेलं आणि माझ्यातूनच खाल्लं गेलं.

आमच्याकडे वेगळी ताटं मांडत नाहीत. बिस्मिल्ला म्हणायचं आणि आपल्यासमोरचा भात खायचा. शेजाऱ्याच्या हद्दीत बोट घालायचं नाही. मासा, कसावा, कोबी, गाजर मधोमध असतं, आणि ते मोडून ज्याच्या त्याच्यासमोर टाकायचा मान रांधणारीचा. पण या घरात बिगेच्या नवऱ्याची बहीण होती, कोदू. जाळीदार रुमाल, सोन्याचे डूल, कापडाचा व्यापार आणि जिभेला हाड नाही. ती घरी असली की वाटणी तीच करायची. बिगे रांधायची, आणि कोदूची बोटं ठरवायची कुणाच्या अंगावर किती मांस चढायचं ते.

माझ्या निळ्या काठावर एका जागी टवका उडालेला आहे. बिगेची थोरली सेनाबू लहान असताना तिच्या हातून मी विहिरीच्या कठड्यावर आपटले. तिथला मुलामा उडाला आणि आतलं काळं लोखंड दिसायला लागलं. कोदू आत्याने शिक्षा सुनावली, "फोडलंस ना? मग आता टवका तुझ्यासमोर. लग्न होऊन जाईपर्यंत तिथंच बस."

सेनाबू बसली. आठ वर्षांची होती आणि बारीक होती. आजारी नव्हती, अशक्त नव्हती. बारीक होती, जशी काही झाडं असतात. पण रोज दुपारी तिच्यासमोर माशाचा सगळ्यात जाड तुकडा पडायचा आणि त्याच्याबरोबर आत्याची जीभ.

"खा गं. हाडांना कुणी मागणी घालत नाही."

"आत्या, पोट भरलं."

"पोट भरलं तर अंग का नाही भरत? नवरा काय कुत्रा आहे, हाडं चघळायला? पुस वाटणी, परातीचं बूड दिसेपर्यंत. माझ्या डोळ्यांना पांढरं दिसलं पाहिजे."

धाकटा भाऊ बासिरू खिदळायचा. "ताई उन्हात उभी राहिली तर सावलीच पडत नाही, आत्या!"

आणि मग सेनाबूचं एक बोट हळूच भाताखाली शिरायचं आणि माशाचा तुकडा दडपत दडपत बासिरूच्या हद्दीत सरकवायचं. वरून काही दिसायचं नाही. मला मात्र माझ्या बुडावरून कळायचं. एवढ्याशा बोटात एवढी लबाडी कुणी घातली, हा प्रश्न विचारायचा तर तो त्या पोरीला विचारू नका.

कोदू दुष्ट होती का? तुम्हाला तसं म्हणून मोकळं व्हायचं असेल तर मी ती सोय देणार नाही. तिचीच गोष्ट ती मासा मोडता मोडता हसत सांगायची. पहिल्या नवऱ्याच्या घरून तिला चार महिन्यांत परत धाडलं होतं. सासू म्हणाली होती, "सून मागितली होती, सरपण नाही." तिच्या आत्याने मग तिला खोलीत बसवून दूध आणि बाजरीच्या कण्या चारल्या, ओकली तर पुन्हा चारल्या. दुसरं लग्न टिकलं. "म्हणून सांगते," ती म्हणायची. हसताना तिचा हात मात्र माझ्यावर थांबलेला असायचा, मासा न मोडता.

पंधराव्या वर्षी सेनाबूला सरकारी परीक्षा होती. तिला सुईण व्हायचं होतं. गल्लीत कुणी बाळंत होणार असलं की ही दारात जाऊन बसायची. मास्तर म्हणाले होते, पोरगी हुशार आहे, पुढे जाईल. त्याच वर्षी आत्याच्या लेकीचं लग्न ठरलं आणि करवल्यांमध्ये सेनाबू काडीसारखी दिसणार, हे आत्याला खपेना.

त्या वर्षी माझ्या टवक्यासमोर काहीतरी नवीन पडायला लागलं. आत्या लिंबू पिळायची, मसाल्याची वडी चुरावी तसं बोटांत काहीतरी चुरायची आणि माशाच्या फटीत दाबायची. बारीक, पांढरी भुकटी.

"आई, कडू लागतंय," सेनाबू म्हणाली.

"लिंबाची बी चिरडली असेल. खा."

आई म्हणाली म्हणून सेनाबूने खाल्लं. अंग भरलं, गाल सुजल्यासारखे झाले. बायका म्हणाल्या, "माशाल्ला, पोरगी आता पोरगी दिसायला लागली." आणि सेनाबू झोपायला लागली. चुलीपाशी झोपायची, वर्गात झोपायची, कपडे वाळत घालताना दोरीला धरून डुलकी काढायची. परीक्षेच्या दिवशी सकाळचा पेपर देऊन ती घरी जेवायला आली, माझ्यातून जेवली आणि दुपारच्या गणिताच्या पेपरात उत्तरपत्रिकेवर डोकं ठेवून गाढ झोपली. पर्यवेक्षकाने उठवलं तेव्हा पोरं बाहेर पडत होती.

नापास. घरात निकाल लागला तो वेगळाच: आळशी, झोपाळू, ढ. तोच तिला चिकटला. कुणी विचारलं नाही की हुशार पोरगी एका वर्षात ढ कशी होते. पुढच्या वर्षी पुन्हा बसली नाही. "माझं डोकंच तेवढं नाही," असं ती स्वतःच सांगायला लागली, आणि आपण स्वतःबद्दल जे रोज सांगतो ते एक दिवस खरं वाटायला लागतं.

आता सेनाबू चाळिशी ओलांडून गेली आहे. नवरा इटलीत कामाला, म्हणून ती लेकीला घेऊन माहेरी राहते आणि दारात शिवणाचं मशीन चालवते. अंगाने भरपूर झाली आहे. गुडघे दुखतात, रक्तात साखर आहे. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, अर्धं खा. रेडिओवरची बाई म्हणते, चाला. कोदू आत्या म्हणते, "आता किती फुगलीस गं! इटलीवरून नवरा येऊन बघेल तर पुढचं विमान पकडेल." ज्या तोंडाने भरवलं तेच तोंड हे बोलतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

सेनाबू काय करते? भूक असो नसो, ताप असो, वाटणी पुसते. पांढरं दिसेपर्यंत तिची बोटं थांबत नाहीत. एकदा मी पाहिलं, ती उठली होती, हात धुवायला निघाली होती, आणि माझ्यात भाताची चार शितं उरलेली बघून परत बसली. तेव्हा तिला कुणी बघत नव्हतं. आत्या झोपलेली होती.

तिची लेक मारेम पंधरा वर्षांची आहे. बारीक आहे. टवक्यासमोर आता ती बसते. आणि तिची परीक्षा तोंडावर आली आहे.

दोन-तीन आठवडे झाले, मारेम पुस्तकावर पेंगायला लागली. शाळेतून निरोप आला. सेनाबू ओरडली, "झोपाळू! माझ्यासारखी मशीन चालवायची आहे का जन्मभर? डोकं नसेल तर निदान डोळे तरी उघडे ठेव!" मी ऐकत होते. ओळखीचे शब्द होते. फक्त तोंड नवं होतं.

मग तो गुरुवार. मासा-भात होता, चिंच होती, अंबाडीच्या पानांची आंबट चटणी होती. कोदू आत्याने, म्हाताऱ्या पण अजून चपळ बोटांनी, लिंबू पिळलं, मासा मोडला, टवक्याकडे एक जाड तुकडा ढकलला आणि अंगठ्याने दाबला.

"खा गं मारेम. हाडांना कुणी मागणी घालत नाही."

"मला मागणी नकोय आजी, मला गणितात मार्क हवेत."

"मार्कांना मिठी मारून झोपणार का?"

बासिरूला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मारेमने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, कडू लागतंय."

आणि सेनाबू, वर न बघता, खाता खाता म्हणाली, "लिंबाची बी चिरडली असेल. खा."

वाक्य तिच्याच तोंडून निघालं आणि तिचा हात भातात थांबला. मला तो जाणवला. तिने मान वर केली आणि टवक्याकडे बघितलं. माझं आतलं अंग पांढरं आहे. पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसणार? पण टवक्याचं लोखंड काळं आहे, आणि त्या काळ्यावर पांढरी भुकटी सांडलेली होती. ज्या टवक्याबद्दल पोरीला शिक्षा झाली, त्याच टवक्याने दाखवलं.

सेनाबूने बोट ओलं केलं, भुकटी टिपली, जिभेला लावली. नंतर दोन्ही हातांनी माझा काठ धरला आणि मला फिरवलं. इतक्या वर्षांत मला जेवताना कुणी फिरवलं नव्हतं. भात चटईवर सांडला. टवका कोदू आत्यासमोर जाऊन थांबला.

"हे काय?" आत्या म्हणाली.

"तुझी वाटणी. खा."

"परात फिरवतेस? जेवताना? आईबापांनी हेच शिकवलं?"

"तूच शिकवलंस. वाटणी पुसायची. माझ्या डोळ्यांना पांढरं दिसलं पाहिजे. खा ना आत्या."

बासिरूला काही उमगलं नव्हतं. तो म्हणाला, "खा की आत्या, मासाच आहे तो, विंचू नाही."

"मला नाही चालायचं," आत्या म्हणाली. "मला रक्तदाब आहे. दवाखान्यात सांगितलंय, त्या गोळ्या..."

बासिरूचं चावणं थांबलं.

"कुठल्या गोळ्या, आजी?" मारेमने विचारलं.

"भूक लागायच्या," आत्या म्हणाली. "अर्धा बाजार खातो. मासळीवाल्यांच्या रांगेपुढे छत्रीखाली एकजण विकायला बसतो. जरा झोप येते, आली तर काय बिघडलं? झोपली की मुलगी भरते. मी काय वैरीण आहे का तुमची?"

"तिची परीक्षा आहे," सेनाबू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझीही होती. मी पेपरावर झोपले, आत्या. तुम्ही मला ढ म्हणालात आणि मी ते मानलं. परीक्षेच्या दिवशीसुद्धा तू मला हे चारलंस."

"त्या दिवशी? नाही!" कोदू ताठ झाली. "माझ्या नावावर नसलेलं माझ्यावर घालू नकोस. आधी दिल्या, कबूल. पण परीक्षेच्या आठवड्यात मी इथे नव्हतेच. सीमेपलीकडे बांजुलला होते, लग्नाचं कापड आणायला. निकालच मला परत आल्यावर कळला. विचार तुझ्या आईला."

सगळ्यांना आठवलं. ते खरं होतं. कापड निळं होतं, अजून पेटीत आहे.

सेनाबूने आईकडे बघितलं. बिगेने भाताचा गोळा केला होता, तो तोंडापर्यंत गेलाच नाही.

"आई?"

"मांजर बघा कुणीतरी," बिगे म्हणाली. "मासा नेईल."

अंगणात मांजर नव्हतं.

त्या दिवसापासून मासा सेनाबू मोडते. कोदू आत्या खोलीत वेगळ्या वाडग्यात जेवते. मारेमची झोप उडाली आहे. ती गणितं सोडवते आणि टवक्यासमोर रोज मूठभर भात ठेवून उठते, सगळ्यांच्या देखत. कोंबड्या खुशीत आहेत. सेनाबूही दोन घास ठेवायला बघते. तिची बोटं अजून परत येतात, पुसायला. कधी ती जिंकते, कधी बोटं. पण आता ती भांडते तरी.

कुणी म्हणेल, भांड्याने काय बोलावं, त्यातच तर वाढलं गेलं. हो, माझ्यातच. पण मला तोंड मिटता येत नव्हतं, हात धरता येत नव्हता. ज्यांना येत होतं, त्यांची नावं मी सांगितली आहेत.

त्यांच्यापैकी एकीने आपला हिशेब दिला, रागात का होईना. छत्रीखालचा विक्रेता अजून तिथेच बसतो, आणि त्या गोळ्यांत काय असतं हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. पण माझी साक्ष त्याच्यापाशी संपत नाही.

परीक्षेच्या दिवशी कोदू बांजुलला होती. त्या दुपारी भात बिगेने रांधला होता आणि मासाही बिगेनेच मोडला होता. आणि टवक्याच्या काळ्यावर त्या दुपारीही पांढरी भुकटी होती.