साडेपाचचा गजर

कुंदाबाईंनी दिपमालाच्या फडक्याची गाठ सोडली आणि ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची, चळत एका हाताने उचलून खाली काय आहे ते पाहिलं. दोन बिबडे कडेने मोडले. दिपमालाने एक पाऊल पुढे टाकलं, पण ते बिबड्यांसाठी नव्हतं.

चळतीच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. तो कुंदाबाईंना दिसला. त्यांनी आधी पाच पावलांवर फोनवर बोलत उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे, पुनाकडे, पाहिलं, मग दिपमालाकडे. मुलींच्या बालगृहाच्या दारावर अकरा वर्षं काढलेल्या बाईला प्रत्येक गोष्ट विचारावी लागत नाही. त्यांनी चळत होती तशी ठेवली आणि गाठ पुन्हा मारली, आधीपेक्षा जरा घट्टच.

"बाहेरचं खाणं मुलींना देता येत नाही, अक्का. पण घेऊन जा आत. बालकल्याण समितीने परवानगी दिली तर दिली."

दिपमालाने फडकं उचलून छातीशी धरलं.

पुनाने फोन खिशात टाकला आणि काखेतली फाइल हातात घेतली.

"तू काही बोलू नको. मी बोलसू," तो म्हणाला. "एक जून गया. आते त्यासना हातमा काहीच नही."

खरंच होतं ते. मे महिन्यात त्यांच्या पोरीचं, ऋतिकाचं, लग्न होतं. हळदीला चार दिवस राहिले असताना तिने स्वतःच्या फोनवरून चाइल्डलाइनचा १०९८ नंबर लावला, आणि दुपारी मांडवाचे बांबू उतरवून घेत असताना दारात सरकारी गाडी उभी राहिली. ग्रामसेवक, पोलीस, दोन बाया. त्यांनी शाळेचा दाखला मागितला. जन्मतारीख एक जून. म्हणजे अठरा पूर्ण व्हायला बारा दिवस कमी. बारा दिवस! पुनाने कपाळावर हात मारून घेतला होता. पोरगी गाडीत बसून जळगावला आली आणि साऱ्या गावाने ते पाहिलं.

पण बारा दिवस काय, बघता बघता सरतात. धुळ्याचे पाव्हणे भले निघाले, त्यांनी सोयरीक मोडली नाही, तारीख तेवढी पुढे ढकलली. सव्वीस जून. आज समितीपुढे दाखला ठेवायचा, पोरीला घेऊन अमळनेरची गाडी पकडायची आणि उद्यापासून पुन्हा पत्रिका वाटायला लागायचं, असं पुनाने मनाशी अगदी पक्कं केलं होतं.

पुना काही वाईट माणूस नव्हता हो. तो घाबरला होता. त्याच्या चुलतभावाची मोनाली गेल्या वर्षी अमळनेरला ज्युनियर कॉलेजला म्हणून गेली ती एका पोरासोबत सुरतलाच निघून गेली. तिचा बाप अजून पारावर येऊन बसत नाही. मोनाली आणि ऋतिका पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या, एका ताटात जेवलेल्या. तेव्हापासून पुनाला ऋतिका दिसली की मोनालीच दिसायची. बारावीनंतर पोर कॉलेजचं नाव काढायला लागली, तसं त्याने घाईघाईने स्थळ पाहिलं.

आणि सगळी मेख त्या मोनालीपाशीच होती. ते एकट्या दिपमालाला ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी मोनालीचं नाव पहिलीत घालायचं होतं. पुना कपाशीच्या लावणीत, म्हणून दोघी पोरींना घेऊन दिपमालाच शाळेत गेली होती. ऋतिका नुसती सोबत. तिला अजून पाचही झाली नव्हती. पण मोनाली वर्गात जाऊन बसली आणि ही बया तिचा फ्रॉक सोडायला तयार होईना. अख्खी शाळा डोक्यावर घेतली. गुरुजींनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "हिला झाली का सहा पूर्ण?" आणि दिपमाला म्हणाली, "झाली ना, गुरुजी." धडधडीत खोटं. गुरुजींनी काही पुरावा मागितला नाही. गावातल्या निम्म्या पोरांना ते देत आले होते तशी दोघींनाही एक जून ही जन्मतारीख देऊन टाकली. पोर रडायची थांबली. दिपमाला त्या दिवशी मोठं काम केल्यासारखी घरी आली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, शिंदखेड्याजवळच्या गावात झालेलं. म्हणून खरी तारीख तिथल्या ग्रामपंचायतीत नोंदवलेली. सासरी ती कुणी कधी विचारली नाही. मागच्या आठवड्यात आईला बरं नाही असं सांगून दिपमाला माहेरी गेली आणि धाकट्या भावाला, हितेंद्रला, घेऊन तिने जन्माचा दाखला काढला. ऋतिकाला सतरा पूर्ण व्हायलाच अजून अडीच महिने होते.

हितेंद्रने कागद दोनदा वाचला.

"दाजीले माहीत शे का?"

तिने कागद त्याच्या हातातून परत घेतला.

"अक्का, हाऊ कागद दिधा तर पोर तुन्हा हातले लागाव नही. वरीसभर तरी."

"माले समजस रे," ती म्हणाली. समजत होतं म्हणूनच तर आठवडाभर तिला घास गोड लागला नव्हता.

कारण तिला पोर हवी होती. अशी हवी होती की काय सांगायचं! तेवीस दिवस ती भाकरी टाकताना एक जास्तीची थापत होती. नळ गळायला लागला की "ऋतू, बंद कर तो," असं भिंतीला सांगत होती. पोरीचा फोन पुनाने रागारागाने पेटीत टाकला होता. त्यात तिने अभ्यासासाठी लावलेला साडेपाचचा गजर होता, तो पहाटे पेटीतून वाजायचा. तीन दिवसांनी बॅटरी संपेल म्हणून दिपमाला पुना शेतात गेला की फोन काढून चार्जिंगला लावायची आणि तो यायच्या आत परत ठेवायची. पहाटे गजर वाजला की एक क्षणभर घर भरल्यासारखं व्हायचं. पुना कूस बदलायचा.

आत टेबलामागे समितीची तिघं बसली होती. मधल्या अध्यक्षबाईंनी पुनाचा दाखला वाचला, शेजारच्या वकिलांकडे सरकवला आणि पोरीला बोलवायला सांगितलं.

ऋतिका आली. दिपमालाने तिला केसांपासून चपलेपर्यंत पाहून घेतलं. दोन वेण्या, नखं कापलेली. पोर वाळली असेल असं तिला वाटत होतं, तर ती गालाने थोडी भरली होती. इथलं अन्न मानवलं होतं तिला. बरं वाटावं की वाईट, ते दिपमालाला कळेना.

"ऋतिका," अध्यक्षबाई म्हणाल्या, "दाखल्याप्रमाणे तू आता सज्ञान आहेस. तुला इथे ठेवून घेणं आमच्या हातात नाही. घरी जायचंय? की दुसरीकडे सोय करून देऊ? तुझ्या मनात काय आहे ते सांग, घाबरू नकोस."

ऋतिका बापाकडे न पाहता आईकडे पाहत होती.

"घरी जाते," ती म्हणाली.

"लग्नाचं काय?"

"बाबा म्हणतील तसं." मग तिला हुंदका आला. "मला आईकडे जायचंय."

पुनाने मोठा श्वास सोडला. त्याचे डोळेही भरले होते, खोटं कशाला सांगायचं. त्याने सही करायला खिशातून पेन काढलं.

दिपमाला फडक्याची गाठ सोडायला लागली. कुंदाबाईंनी ती अशी आवळली होती की सुटता सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडवली. वरचे बिबडे बाजूला ठेवले, पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवून हाताने त्याची घडी सपाट केली.

"ती अजून लहान आहे, बाई. ही तिची खरी तारीख. पोळ्याच्या दिवशी झाली ती. शाळेत मी खोटं सांगितलं होतं."

वकिलांनी कागदावरचा शिक्का पाहिला, नोंदणीचा नंबर पाहिला.

"का सांगितलं होतं खोटं?"

"रडायची ती. मोनालीसोबत बसायचं म्हणून." दिपमालाने पोरीकडे पाहिलं. "तिला रडू द्यायला हवं होतं तेव्हा."

पुना तिच्याकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत ही बाई चार माणसांत बोलल्याचं त्याने पाहिलं नव्हतं. आणि बोलली ती हे.

"माय," ऋतिका म्हणाली. ती घरच्या बोलीवर आली होती. "मी घर येस म्हणी राह्यनू ना? तुले मी नको का?"

दिपमालाने पोरीच्या वेणीची सुटलेली रिबन हातात धरली.

अध्यक्षबाईंनी सावकाश सांगितलं. दोन कागद दोन तारखा सांगतात, दोन्ही तपासावे लागतील, तोवर मुलगी इथेच राहील. कागद खरा निघाला आणि वडिलांनी अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून दिलं, तर घरी सोडायचा विचार करता येईल.

"द्याल लिहून, भाऊ?"

"पाव्हण्यांना शब्द दिलाय मी," पुना म्हणाला. त्याने पेन खिशाला लावलं, फाइल उचलली आणि तो बाहेर निघून गेला.

व्हरांड्यात मायलेकींना पाच मिनिटं मिळाली. कुंदाबाई पाठ करून उभ्या राहिल्या. ऋतिका बराच वेळ आईच्या खांद्यात तोंड घालून रडली, रागाने रडली. तिने नाक पुसलं.

"म्हणजे मन्हा वाढदिवस पोळाले?"

"हा."

"बैलसना दिवशी." तिला रडता रडता हसू आलं. मग ती म्हणाली, "मन्हा फोन बंद पडी गया व्हई."

"नही. रोज वाजस. साडेपाचले."

ऋतिकाने आईकडे नीट पाहिलं. मग तिने आईच्या हातातलं फडकं घेतलं, मोडलेल्या बिबड्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि कुंदाबाईंनी तेवढं पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत पुना एका बाकावर आणि दिपमाला मागच्या बाकावर. धरणगाव गेलं, अमळनेर आलं, तो वळून म्हणून पाहीना. अमळनेरच्या स्टँडवर गावच्या गाडीची वाट पाहत उभे असताना तो एवढंच म्हणाला, "माले आदुगर सांगती." आधी सांगितलं असतं तर त्याने कागद चुलीत घातला असता, हे दोघांनाही माहीत होतं. घरी आल्यावर तो जेवला नाही. तिने ताट झाकून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता हा आपल्याला माहेरी पाठवणार, असं तिला वाटत होतं. पाठवो. पण तिथून जळगाव आणखी लांब पडेल, पोळ्याला जायचं कसं, याचाच हिशेब ती रात्रभर करत राहिली.

डोळा लागला तो पहाटेच. जाग आली तेव्हा बाहेर फटफटलं होतं, आणि घर गप्प होतं. गजर वाजला नव्हता. कालच्या धावपळीत चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं. ती तशीच पडून राहिली. हे एवढं तरी रोज व्हायचं, तेही आज नाही, म्हणून तिला रडू आलं.

मग पेटीची कडी वाजली.

ती उठून बसली. फोन आता हा फोडणार, असंच तिच्या मनात आलं. तिने पलीकडच्या खोलीत पाहिलं. पुना भिंतीशी उकिडवा बसला होता. एका हातात पोरीचा फोन, दुसऱ्या हातात चार्जरची वायर, आणि तो पिन उलटीसुलटी करून बसवायला बघत होता.

"हाई कशी लागस?" त्याने मान वर न करता विचारलं.

दिपमालाने जवळ जाऊन पिन फिरवली आणि बसवली. काच उजळली.

"धुळानी पहिली गाडी कितीले शे?" पुनाने विचारलं.

"सव्वासहाले."

"पाव्हणासकडे जाई येस," तो म्हणाला. "हाई फोनवर सांगानी गोष्ट नही."

दिपमालाने पदराने डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवायला ती चुलीकडे गेली.