भार्गवची टीका

राधिकाचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आणि त्यात तिनं फ्लूची लसही उरकून टाकली. दसऱ्याला अजून आठवडाही उलटला नव्हता. तिच्या लेकीच्या, दीक्षाच्या दंडावर गोल चिकटपट्टी आणि हातात चॉकलेट, असा फोटो घरच्या ग्रुपवर आला आणि खाली सासूबाईंनी एकापाठोपाठ एक सात अंगठे पाठवले. माझा भार्गव पहिल्यांदा शाळेत गेला त्या फोटोला दोनच आले होते. मी मोजले होते, हे कबूल करते.

राधिका माझी धाकटी जाऊ. जन्म इथलाच, रायपूरचा, शाळा हिंदी, नोकरी बँकेत. तात्यापाऱ्यात सासूबाईंजवळ राहते ती, आणि आम्ही इकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मी वर्ध्याची. लग्नाआधी तिथल्या शाळेत चार वर्षं मराठी शिकवत होते. राधिकाचं मराठी ऐकलं की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो. पण सासूबाईंना तिचं तेही गोड लागतं.

खरं तर लशीचं मला डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं. भार्गव साडेतीन वर्षांचा. सर्दी झाली की त्याची छाती वाजायला लागते, आणि मागच्या जानेवारीत फ्लूमुळे त्याला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, ऑक्सिजनवर. त्याला ही लस पहिल्यांदाच, म्हणजे दोन डोस, मधे महिनाभर. थंडी पडायच्या आत या, असं डॉक्टर म्हणाले. दसरा झाला की जायचं, असं माझं ठरलेलंही होतं. तेवढ्यात राधिका जाऊन आली. आता मी गेले असते तर राधिकानं केलं म्हणून शर्मिष्ठानं केलं, असंच झालं असतं.

मग मला शंका सुचायला लागल्या. दरवर्षी घ्यावी लागते ती कसली लस? सुई टोचून पोराला उगाच ताप आला तर? शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी हे सगळं दोनदा ऐकवलं. डॉक्टर म्हणतात तर देऊन टाक, असं सांगून तो ड्यूटीवर निघून गेला. त्या शंकांमधली एकही माझी नव्हती, सगळ्या मोबाइलवरून आलेल्या. माझी स्वतःची अडचण एकच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

जानेवारीत भार्गवबरोबर मलाही ताप होता. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेखर डोंगरगडकडे ड्यूटीवर. राधिकाच आली, भार्गवला उचललं आणि घेऊन गेली. चारही दिवस तीच त्याच्याजवळ होती. तो घरी आला तो काकूचा होऊन. काकू भरवेल, काकू झोपवेल, महिनाभर हेच. मी सगळ्यांसमोर तिचे आभार मानले आणि आतून जळत राहिले. तिनं माझं पोर वाचवलं, याचाच मला राग होता. असा राग कुठल्या तोंडानं सांगायचा?

त्या रविवारी आम्ही तात्यापाऱ्यात जेवायला गेलो. शेखर स्कूटर लावत होता, भार्गव त्याच्यापाशीच थांबला. मी पुढे होऊन दारात चपला काढत होते, तर स्वयंपाकघरातून राधिकाचा आवाज आला. ती सासूबाईंना माझ्याबद्दल सांगत होती.

"दीदी तर करणार नाहीत. भार्गवची टीका मीच करून टाकते. त्यांले नका सांगू, त्यांले राग येऊन जाते."

राधिकाच्या बोलण्यात प्रत्यय तसेही इकडचे तिकडे होतात. माझ्या कानांनी प्रत्यय दुरुस्त करून घेतला आणि पुढचं काहीच ऐकलं नाही. माझ्या लेकरावर टीका! काय नाही येत त्याला? नीट जेवत नाही म्हणून, अजून बोबडं बोलतो म्हणून? सहा वर्षं मी या गावात राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंगणवाडीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत टीकाकरण लिहिलंय, रोज त्याच्यासमोरून भाजी घेऊन येते. पण रागाच्या वेळी माणूस आपल्याच भाषेत ऐकतो.

मी तशीच आत गेले.

"माझ्या पोट्ट्यावर टीका करायची असन तर माह्या तोंडावर कर," मी म्हणाले. "मागून काहून करून राहिली? तुह्या पोट्टीले मी कधी काही म्हटलं?"

राधिकाच्या हातात पोळी तशीच राहिली. सासूबाईंना आधी समजलं. त्या हसायला लागल्या त्या पाटावर बसेपर्यंत. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अवं बाई, सुईची गोष्ट करून राहिली ते. टीका म्हंजे लस. तू मास्तरीण न वं?"

मागून शेखर आला, त्यालाही सांगून झालं, तोही हसला. माझा चेहरा तापला. राधिका मात्र हसत नव्हती. आणि तिच्या न हसण्यामुळेच मला खरी गोष्ट लक्षात आली. टीकेपेक्षा हे जास्त होतं. मला न विचारता ती माझ्या मुलाला लस टोचून आणणार होती.

"म्हंजे मले न सांगता नेणार होती तू त्याले?" मी विचारलं. "त्याची आई कोण आहे?"

सासूबाईंचं हसू थांबलं. राधिकानं गॅस बंद केला. ती मराठीत सुरू करायला गेली, जमलं नाही, आणि मग हिंदीतच बोलली.

"जनवरी में ऑक्सिजन वाले कागज़ पर साइन मैंने किया था, दीदी. आपकी जगह. दो बार गलत जगह किया." मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "मले परत साइन नाही करायची. तुम्ही स्वतः नेलं असतं न, त्याच्यापेक्षा चांगलं काहीच नव्हतं. पण मी पहिले करून आली. म्हणून तुम्ही नाही नेत. मले माहीत आहे."

एवढे दिवस जे मी नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं, ते हिनं पोळी लाटता लाटता ओळखलं होतं. मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, ती बोलली ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मी तिच्यावर जळत होते आणि त्याची किंमत छाती वाजणारं साडेतीन वर्षांचं पोर देणार होतं. मला स्वतःची लाज वाटली. ती वाटत असतानाही, ही इतकं चांगलं बोलली याचाही थोडा राग आला, खोटं कशाला सांगू.

जेवताना भार्गव नेहमीसारखा राधिकाच्या मांडीवर जाऊन बसला आणि मी त्याला बोलावलं नाही.

सोमवारी मी कुणाला न सांगता भार्गवला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, ताप पाहिला, आजच देऊ म्हणाले. नर्स छत्तीसगढी होती, हसतमुख. बाळाला घट्ट धरा म्हणाली. मी त्याला मांडीवर घेतलं, एक हात माझ्या काखेत दाबला, दुसरा तिच्यापुढे केला. सुई दिसताच तो ताठ झाला.

"काकू," तो ओरडला. "काकू पाहिजे."

इतकं घट्ट मी त्याला कधी धरलं नसेल. सुई गेली, आली. तो माझ्याच खांद्यावर रडला, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी त्याची पाठ चोळत राहिले. काकू नाहीये बाळा, आई आहे, असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हटलं ते बहुतेक स्वतःसाठीच.

अर्धा तास थांबायला सांगितलं होतं. तेवढ्यात नर्स त्याचं कार्ड भरायला बसली. दुसऱ्या डोसची तारीख घातली, माझा नंबर लिहिला, शेखरचा लिहिला. "एक नंबर और लिखा दो," ती म्हणाली. "कभी आप दोनों में कोई फोन नहीं उठाए तो किसको बुलाना है?"

माझ्या सासरच्या, माहेरच्या सगळ्यांचे नंबर मोबाइलमध्ये होते. मी मोबाइल काढलाच नाही. राधिकाचा नंबर मला पाठ होता. जानेवारीत तापात पडल्या पडल्या दिवसातून वीसदा लावला होता. तोच मी सांगितला.

"नाम?"

"राधिका."

"बच्चे की कौन लगती है?"

"काकी," मी म्हणाले. "मैं न आ सकूँ तो इसी को बुलाना. साइन भी यही करेगी."

"हव," म्हणत नर्सनं लिहिलं. हे सांगताना माझं आत जळलंच, काही कमी जळलं नाही. तिनं नंबर वाचून दाखवला. शेवटून दुसरा आकडा तिनं चुकीचा घेतला होता. मी तिला थांबवलं आणि तो बरोबर करून लिहायला लावला.