मसाल्यातला गुलाब

गडी माणूस दार लोटून मसाला कांडायला बसला, तर कुठल्या बाईला संशय येणार नाही? काटेवाडीत मसाला बायका कांडत, तोही गल्ली गोळा करून. कौसल्याचा नवरा संभाजी मात्र जर्मनच्या लढाईवरून परतल्यापासून, गेली सात वर्षं, दर भाद्रपदात एकटाच कांडायचा आणि पुडी घेऊन कळंबला जायचा. घरच्या कालवणात त्यातली चिमूटही पडत नसे.

यंदा तिनं दार ढकलून आत येत विचारलंच, "कसला मसाला म्हनायचा ह्यो?"

"तिकडचा. आफ्रिकेतला. ट्युनिसला शिकलो."

"कुणाकडनं?"

संभाजी मुसळ चालवत राहिला. लढाईचा विषय निघाला की तो मुकाच व्हायचा.

दालचिनी, सुंठ, जायपत्री इथवर ठीक होतं. पण बारामतीहून आणलेल्या पुडीत वाळलेल्या गुलाबपाकळ्या निघाल्या आणि कौसल्याचं टाळकं सरकलं. मसाल्यात कुणी गुलाब घालतं होय? तिकडच्या कुणा सटवीनं शिकवलं आणि आता कळंबात दुसरी गाठली! तो पाणी प्यायला उठताच तिनं पाकळ्या चुलीत घातल्या आणि पुडीत कांद्याची तसलीच लालसर टरफलं चुरून ठेवली. लढाईतल्या धुरानं संभाजीची वासाची जाण कायमची गेली होती. त्यानं ती तशीच कांडली.

दुसऱ्या दिवशी ती हट्टानं त्याच्याबरोबर कळंबला गेली. तो शिरला त्या घरात होती एकटी म्हातारी, छबूबाई. तिचा मुलगा कुंडलिक ट्युनिसच्या लढाईत संभाजीच्या शेजारीच पडला होता.

"मरायच्या आदल्या दिशी तितल्या एका आजीनं दोगांस्नी जेवू घातलं," म्हातारी कौतुकानं सांगू लागली. "त्योच मसाला आनतो ह्यो, पितरांच्या जेवनाला. पान ठेवलं की लगीच कावळा शिवतो बग."

कौसल्याला चुलीत घातलेल्या पाकळ्या आठवल्या.

पान ठेवलं. उन्हं कलली, तरी कावळा पत्र्यावरून हलेना. म्हातारीनं कपाळ बडवलं, "काय चुकलं रं माजं, लेकरा?"

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. पण त्या माउलीचं रडणं कौसल्याला बघवेना. ती पानापुढं हात जोडून उभी राहिली.

"भावजी, तुमच्या आईचं काय बी चुकलं न्हाय. गुलाब मी जाळला. टरफलं घातली, संशयापायी. फुडल्या वर्सी माज्या हातानं कांडीन."

कावळा उतरला, पानातला घास घेऊन उडाला. म्हातारीनं डोळे पुसले.

कुंडलिकानं माफ केलं होतं. संभाजी मात्र मान खाली घालून बसला होता, आणि कौसल्या त्यानं वर बघायची वाट बघत उभीच होती.