गुलाबी पडलेले द्रावण

प्रयोगशाळेतला ज्येष्ठ तंत्रज्ञ आणि विभागाचे साहेब हे एकमेकांचे साडू होते. पण कामाच्या जागी त्या नात्याचा दोघांनाही जाचच होई. तंत्रज्ञ वयाने सहा वर्षांनी मोठा, हुद्द्याने चार पायऱ्या खाली. आणि ही गोष्ट चारचौघांत काढल्यावाचून साहेबांना करमत नसे.

त्या दिवशी साहेब हवेत होते. कोमट क्षारद्रावणात सशाच्या रक्तवाहिनीची पट्टी टांगलेली होती. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा थेंब पडला की ती आकसे आणि यंत्राची लेखणी कागदावर उंच रेघ काढी. साहेबांचे नवे औषध त्या पात्रात घातल्यापासून मात्र रेघ जेमतेम नखभर उठत होती. औषधाने आकसणे रोखले, असे साहेबांनी जाहीरही करून टाकले. सोमवारपासून ते माणसांना द्यायचे होते.

तंत्रज्ञाची नजर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या बाटलीवर गेली. द्रावण गुलाबी पडले होते. सकाळी साहेबांनी सर्वांदेखत त्याचा पाणउतारा केला, त्या तिरमिरीत पहिल्या रेघांनंतर त्याने बाटली बर्फात ठेवायची सोडून खिडकीतल्या उन्हात ठेवली होती. उन्हाने जोर गेलेल्या द्रावणाने रेघ उठणार कशी?

त्याने ते सांगितले. साहेबांनी दार लोटले आणि थंडपणे समजावले की बाटलीवर सही तंत्रज्ञाची आहे, निवृत्तीला दोन महिने उरलेत आणि अशी चूक नोंदवहीत गेली की निरोप समारंभ होत नाही, चौकशी होते.

“आयुष्यात एक बाटली सांभाळता आली नाही,” साहेब म्हणाले, “आणि मला औषधशास्त्र शिकवताय?”

तंत्रज्ञाने गुलाबी बाटली बाजूला सारली. नवी कुपी फोडली, मोजून ताजे द्रावण केले आणि औषध पात्रात असतानाच त्याची मात्रा सोडली. पट्टी आकसली. लेखणी थेट सकाळच्या उंचीला भिडली. औषधाने काहीही रोखले नव्हते.

त्याने नोंदवही ओढली.

“चूक माझी, सकाळी दहाची,” तो लिहितालिहिता म्हणाला. “साहेबांना कळवले, सव्वाबाराला. आता तुमची सही.”

“माझ्या घराची पायरी पुन्हा चढू नका, दादा.”

“तुमच्या घरचा चहा माझ्याही घशाखाली उतरत नव्हता. सही करा.”

साहेबांनी पेनला हात लावला नाही. तंत्रज्ञाने वही तशीच उघडी उचलली, दार उघडले आणि तो संचालकांच्या खोलीकडे चालू लागला.